धावपट्टीवरचं शेत

अस्तर

आधी आले मोजणीवाले, मग खडीच्या गाड्या, मग दिवसभर गरगरणारे मिक्सर. युद्धाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि शहराबाहेरच्या सपाट माळावर वैमानिकांना शिकवायचं ठाणं उभं राहत होतं. दोन हँगर, पाण्याची उंच टाकी, गोल पाठीच्या पत्र्याच्या बराकी. आणि मधोमध धावपट्टी, लांबच लांब, करडी, टकलावरच्या घामासारखी चमकणारी.

सगळं बांधून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की वरून बघणारा शत्रूही असू शकतो. एवढा पैसा ओतून आपण त्याच्यासाठी पाट मांडून ठेवलाय.

म्हणून सगळ्यात शेवटी पडदेमास्तरांना बोलावणं गेलं.

अर्धं आयुष्य मास्तरांनी नाटकांचे पडदे रंगवले होते. राजवाडा, रस्ता, तुरुंग, जंगल. रात्री दिवे लावायला बंदी आली, नाटकं बंद पडली, मंडळी मोडली. उरलेल्या सामानातून मास्तरांनी जंगलाचा पडदा तेवढा घरी आणला आणि एका खोलीच्या दोन खोल्या केल्या. अलीकडे मास्तर, पलीकडे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटा लोकांना सांगायचा, "आमचा संसार जंगलात. दादा राजधानीत राहतो."

आता मास्तरांना धावपट्टीवर शेतं रंगवायची होती. काँक्रीटवर वाफे, कुंपणं, पायवाटा, अशा की वरून बघणाऱ्याला शेजारची खरी शेतं आणि ही खोटी यांत फरक कळू नये.

मास्तरांनी काम घेतलं ते रंगाच्या हौसेनं नाही. पिवळ्या पट्टीसाठी. ठाण्याच्या बांधकामावरच्या प्रत्येकाच्या दंडावर एक पिवळी पट्टी असायची. रस्त्यावर भरतीवाले माणसं उचलत होते, पण पट्टी दिसली की सोडून देत. मास्तरांचं वय उलटून गेलं होतं, त्यांना कोण नेणार. धाकटा मात्र ऐन वयात. आई गेल्यापासून मास्तरांनीच त्याला वाढवला होता, खळीच्या आणि रंगाच्या वासात, पडद्यांच्या गुंडाळ्यांवर झोपवून.

काम आहे तोवर पट्टी. पट्टी आहे तोवर धाकटा. हिशेब इतका सोपा होता.

पहिला हात

खडूत बुडवलेलं सूत ताणायचं, मधे चिमटीत धरून सोडायचं. फट्. काँक्रीटवर सरळ पांढरी रेघ. अशा चौकटी पाडत पाडत मास्तर बराकींकडच्या टोकापासून निघाले. मागे धाकटा आणि इतर गडी खराट्यांनी रंग ओढत. त्यामागे भुसा, रंग चमकू नये म्हणून. भुसा चाळायला आणि रंग ढवळायला शेडमध्ये बायका होत्या, त्यांत धाकट्याची बायकोही. तिला सगळे धाकटीच म्हणत.

"दादा, एक विचारू?" खराट्यावर हनुवटी टेकून धाकटा म्हणाला. "या नाटकाचे प्रेक्षक बसणार कुठे?"

"वर."

"आणि आवडलं तर?"

"आवडलं तर त्यांना काही दिसणारच नाही."

"म्हणजे टाळी नाही."

"रंग ओढ."

"आणि नाही आवडलं तर बॉम्ब. बरंय. आपल्या जुन्या प्रेक्षकांपेक्षा स्वभाव बरा, ते दोन्हीकडून शिव्याच द्यायचे."

एक गोष्ट मात्र मास्तरांना पहिल्या दिवसापासून सलत होती. प्रत्येक पडदा पुरा झाला की ते थिएटरच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. जवळून चित्र कधीच खरं सांगत नाही. इथे शेवटची रांग आभाळात होती. त्यांनी इंजिनियर साहेबांना विचारलं, एकदा वर जाऊन बघता येईल का.

साहेब ट्रकच्या पायरीवरूनच सगळं काम बघत. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. ते म्हणाले, "पेंटर, विमान म्हणजे काय भाड्याची घोडागाडी आहे?"

पण वैमानिकांना शिकवणारे वस्ताद बाजूलाच उभे होते. खांद्यानं रुंद, बोलायला कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मास्तरांना शेडमधून बोलावून नेलं, कानटोपी दिली आणि म्हणाले, "बसा पुढे. ओकायचं असेल तर उजवीकडे."

वर

आणि मग पोट खाली राहिलं आणि मास्तर वर गेले आणि टाकी काडेपेटीएवढी झाली आणि बराकी शेंगांसारख्या आणि ते शोधू लागले आपलं शेत, आपल्या पायवाटा, आपले हिरवे-पिवळे वाफे, आणि ते दिसलेही, चांगले दिसले, रंग जमला होता, वाफ्यांच्या ओळी शेजारच्या ओळींना जाऊन मिळत होत्या, आणि तरीही तिथे काहीतरी होतं, मैफलीत एकाचाच सूर चुकावा तसं, आणि विमान कलंडलं आणि ते दिसलं.

सावल्या.

सूर्य दिवसभर टाकीच्या अंगानं फिरायचा, म्हणून खऱ्या कुंपणांच्या सगळ्या सावल्या बराकींकडे पडल्या होत्या. मास्तरांच्या कुंपणांच्या सगळ्या सावल्या टाकीकडे. एकूण एक. उलट्या.

रंगमंचावर उजेड खालून येतो, पायदिव्यांचा. झाडाचा बुंधा उजळ, सावली वर. अर्धं आयुष्य हात तसाच वळत आला होता. मास्तरांनी बराकींकडून रंगवायला घेतलं, बराकींना पायदिवे धरलं, आणि हातानं डोक्याला न विचारता उजेड तिथून आणला.

खाली उतरल्यावर ते विमानाच्या पंखाला धरून उभे राहिले.

"दिसलं?" वस्तादांनी विचारलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून." वस्ताद पहिल्यांदाच हसले. "मास्तर, तोंड पाडू नका. माझी पोरं त्यावरच उतरतात. नवी पोरं वर जाऊन घाबरतात, खाली सगळीकडे शेतंच शेतं. मी सांगून ठेवलंय, ज्या कुंपणाची सावली उलटी ती आपली. तिच्यावर नाक धरा आणि या."

"आणि शत्रू?"

"तो ढगांच्या वरून जाणार. त्याला कुठली सावली. झाकली मूठ आहे ही, झाकलेलीच राहू द्या. कुणाला बोलू नका आणि हात लावू नका."

"नाही लावणार," मास्तर म्हणाले.

म्हणाले खरे. पण घरी जाताना त्यांचे कान तापले होते. आपल्या चुकीला धरून पोरं रोज खाली उतरतात, आंधळ्यानं कठड्याला धरावं तशी. आणि हसत असतील.

दुसरा हात

महिना संपत आला. साहेब ट्रकच्या पायरीवरून म्हणाले, "झालं की पेंटर! फक्कड. एक तारखेपासून तुमची माणसं मोकळी."

मोकळी. मास्तरांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं आपल्या दंडाकडे.

घरी कुणी जेवलं नाही. पडद्याच्या अलीकडे मास्तर, धाकटा, धाकटी, तिघं एका रांगेत बसले होते, गाडी चुकलेल्या माणसांसारखे.

"कोपऱ्यावरच्या लोहाराच्या दोन्ही पोरांना नेलं काल," धाकटी म्हणाली.

"मी पळतो त्यांच्यापेक्षा जोरात," धाकटा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. भावोजी, काहीतरी चूक काढा ना कामात. एवढी मोठी धावपट्टी, एक चूक सापडू नये? माझ्या हातच्या भाकरीत बरी रोज सापडते."

मास्तर नखातला रंग काढत बसले.

"आहे," धाकटा हळूच म्हणाला. "आहे ना दादा? वरून उतरलास त्या दिवसापासून तुझं तोंड वाकडं आहे."

मास्तरांनी सांगितलं. सावल्यांचंही, वस्तादांना दिलेल्या शब्दाचंही.

मग धाकटी म्हणाली, "त्यांना शब्द दिलात. आम्हाला काय द्यायचा राहिलाय?"

सकाळी मास्तर साहेबांकडे गेले. साहेबांनी सावल्यांचं ऐकलं आणि पायरीवरून खाली उतरले. त्यांना जमिनीवर उभं राहिलेलं गड्यांनी प्रथमच पाहिलं.

"उलट्या? सगळ्या? आणि वरचे अधिकारी पाहणीला येणारेत! नाक कापलं जाईल माझं. पुन्हा करा. सगळं पुन्हा करा."

पट्ट्या दंडावर राहिल्या.

"दादा, आता मुंगीच्या पावलांनी," धाकट्यानं बजावलं. "खरवडायला दोन महिने घे. रंग वाळायला वर्ष घे. युद्ध संपेस्तोवर आपल्या सावल्या ओल्याच राहू देत."

मास्तर हो म्हणाले. पहिले काही दिवस ते खरंच रमतगमत काम करत राहिले. धाकट्यानं खरवडण्यातही खेळ काढला, गड्यांच्या पैजा लावल्या.

पण मग मास्तरांना सुचलं. सावली रंगवायचीच कशाला? कुंपणाच्या जागी डांबरात खडीचा चुरा आणि लाकडाचा जाडा भरडा थापायचा, अर्धं बोट उंच, ओबडधोबड. सूर्य येईल तिकडून, सावली त्याची तो पाडेल. सकाळी लांब, दुपारी आखूड. त्यांनी एक कुंपण करून पाहिलं. टाकीच्या शिडीवर चढून पाहिलं. अर्ध्या आयुष्यात एकदाही त्यांचं झाड खरं वाटलं नव्हतं, आणि हे काँक्रीटवरचं कुंपण दिवसाबरोबर सावली फिरवत होतं.

त्यानंतर हात कुणाचं ऐकेना. दिवस उजाडायच्या आत ते धावपट्टीवर असत. धाकटा मागून दबक्या आवाजात, "दादा, सावकाश. अरे सावकाश," आणि मास्तर पुढच्या चौकटीत.

"तू माझ्यासाठी करतोयस ना हे?" एकदा धाकट्यानं विचारलं.

"तुझ्यासाठीच."

"मग इतकं चांगलं कशाला करतोयस?"

मास्तरांनी सूत सोडलं. फट्.

नवी विमानं आणायला वस्ताद दुसऱ्या ठाण्यावर गेले होते, काही आठवडे. पोरांचं उडणं तोवर बंद होतं. परतले तेव्हा ठाण्याच्या वर त्यांनी एक घिरटी घातली. मग दुसरी. तिसरी. खालून सगळे बघत होते. अखेर टाकीच्या आधारानं अंदाज घेत ते उतरले, चाकं पट्टीच्या काठावरून घसटत. उतरले ते थेट शेडमध्ये आले.

"मास्तर, हात लावू नका म्हटलं होतं."

"वरून हुकूम आला."

"वरून मी येतो. माझ्या वर कोण आहे?" मग आवाज उतरवून, "बरं, असू द्या. दोन्ही टोकांना एक एक पांढरा पट्टा मारा. आजच."

मास्तर डबा घेऊन निघालेही. साहेबांनी वाटेतच अडवलं. "पाहणी होईपर्यंत एक ठिपका नको. नंतर काय मारायचं ते मारा."

वस्ताद साहेबांशी भांडले. साहेब म्हणाले, बांधकाम माझं, उडणं तुमचं. पाहणी झाली की बघू.

मास्तर डबा घेऊन परत आले. खोटं कशाला बोला, डबा परत आणताना त्यांना हलकं वाटलं होतं.

टाळ्या

(स्थळ: धावपट्टी, म्हणजे शेत. वेळ: सकाळ. वर एक विमान घिरट्या घालत आहे. आत वरचे अधिकारी. खाली साहेब, इस्त्रीच्या कपड्यांत. मागे गडी. विमान लांब जातं, परत येतं, पुन्हा लांब जातं. शेवटी शेजारच्या ठाण्यावर उतरतं. तासाभरानं मोटार येते.)

अधिकारी: धावपट्टी कुठे आहे तेच सापडलं नाही आम्हाला!

(हशा. टाळ्या. साहेब लाजतात.)

अधिकारी: हे केलं कोणी?

साहेब: आमच्या खात्यानं.

(मागे धाकटा मोठ्यानं खोकतो. अधिकारी बघतात. मास्तर पुढे होतात. अधिकारी त्यांचा हात हातात घेतात, डांबरासकट.)

अधिकारी: कलावंत आहात.

(मास्तरांना कुणी आजवर रंगमंचावर बोलावलं नव्हतं. पडदा रंगवणारा पडद्यामागेच. ते मान खाली घालतात, आणि बाजूला उभ्या वस्तादांकडे बघत नाहीत.)

खरवड

पांढरे पट्टे मारायला परवानगी आली नाही. उलट, इतकं चांगलं काम बिघडवू नका, डागडुजीला गडी ठेवा, असं आलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी एक पोरगा पहिल्यांदाच एकटा वर गेला. वस्तादांनी त्याला टाकी दाखवली होती, बराकी दाखवल्या होत्या, अंतरं पाठ करून घेतली होती. तो व्यवस्थित गेला, व्यवस्थित फिरला. मग ढग आला की ऊन डोळ्यांवर आलं, कुणास ठाऊक. त्यानं एक शेत धरलं, नाक खाली केलं, वेग बरोबर, उंची बरोबर, अगदी शिकवल्यासारखं, आणि उतरला.

खऱ्या शेतात. नुकत्याच नांगरलेल्या.

चाकं रुतली आणि विमान पालथं झालं. धाकटा आणि गडी खराटे टाकून धावले. मास्तरही धावले, पण त्यांच्या पायांखाली त्यांचं स्वतःचं शेत संपता संपेना.

पोरगा जागीच गेला. लोक बोलले ते असं.

साहेब: "रंगाचा काय संबंध? पोरगा कच्चा होता."

वरचे अधिकारी: "चौकशीत कुणाचाच दोष आढळला नाही."

शेडमधल्या बायका: "त्यानं आदल्या दिवशी खिडकीतून वाकून विचारलेलं, एवढा भुसा खाता का तुम्ही म्हणून."

ट्रकवाला: "हात दाखवून अवलक्षण."

वस्ताद: काही नाही. संध्याकाळी ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले. मास्तर उठले.

"तुम्ही नाही लावणार म्हणाला होतात," वस्ताद म्हणाले.

"माझा भाऊ... त्याची पट्टी गेली असती."

"भाऊ सगळ्यांनाच असतात, मास्तर."

एवढं बोलून ते गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि मग हुकूम आला, या वेळी खरंच वरून, सगळ्या ठाण्यांसाठी एकच. शिकाऊ वैमानिकांच्या धावपट्ट्यांवर रंगकाम नको. असेल ते खरवडा, डांबर फिरवा, मधोमध पांढरी रेघ मारा, लांबून दिसेल अशी. खरवडायला यंत्र आलं. डांबराला गडी नकोत, रोलर हवा. रंगाची शेड बंद.

पांढरी रेघ तेवढी मास्तरांच्या वाट्याला आली. शेवटचं काम. सूत धाकट्यानं धरलं.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर धाकट्यानं दंडावरची पिवळी पट्टी सोडली आणि तिला ब्रश पुसला. दोन्ही बाजूंनी, नीट, मास्तरांनी लहानपणी शिकवलं होतं तसा, मुळापासून टोकाकडे.

"ठेव ती," मास्तर म्हणाले. "अजून उद्याचा दिवस आहे."

"दादा, मी तुला सावकाश म्हणालो होतो."

"हो."

"किती वेळा?"

मास्तरांनी सूत गुंडाळायला घेतलं.

"पण एक सांगू? टाकीवरून मी पण बघितलं होतं." धाकट्यानं ब्रश त्यांच्या हातात दिला. "भारी होतं. आईशप्पथ भारी होतं. त्याचाच राग येतो."

भरतीवाल्यांनी त्याला रस्त्यातून उचलला नाही. तोच आपल्या पायांनी गेला. उचलून नेलेल्यांना आघाडीवर पाठवतात, स्वतः येणाऱ्यांना थोडी निवड असते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. निवड अशी होती की आजची गाडी की उद्याची.

घडी

तो गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात धाकटीनं माहेरी जायचं ठरवलं. पेटी बांधून झाल्यावर ती जंगलाचा पडदा सोडू लागली.

"राहू दे तो," मास्तर म्हणाले.

"कशाला? आता आडोसा कुणापासून?"

पडद्याची एकट्या माणसानं घडी होत नाही. दोघांनी चार टोकं धरावी लागतात, एकमेकांकडे चालत यावं लागतं. आजवर समोरच्या टोकाला धाकटा असायचा, आणि जवळ आला की दरवेळी मोठ्या भावाला वाकून नाटकी मुजरा करायचा. मास्तरांनी दोन टोकं उचलली. धाकटीनं दोन. पडदा मधे ताणला गेला, आणि खिडकीतल्या उजेडात जंगल उभं राहिलं.

"भावोजी, यातल्या सावल्या कुठल्या बाजूच्या?"

मास्तरांनी पाहिलं. बुंधे उजळ. अंधार वर, पानांत.

"खालून उजेड धरलाय."

"म्हणजे उलट्याच."

"नाटकात ती चूक नसते."

"नाटकात मेलेला माणूस पडदा पडला की उठतो," ती म्हणाली, आणि चालत आली, आपली टोकं त्यांच्या हातात दिली, आणि खाली वाकून घडीची दुमड उचलली.

बाहेर विमानाचा आवाज आला. नवी पोरं होती. एकामागून एक उतरत होती, पांढऱ्या रेघेवर, विनासायास. धावपट्टी आता कोसभरावरून दिसत होती, शत्रूला पत्ता शोधायचीही गरज नव्हती. तो काही आला नाही. युद्ध संपेपर्यंत ठाण्यावरून एकदाही गेला नाही.

धाकटीनं पेटी उचलली. दारात थांबून म्हणाली, "पत्र आलं तर इकडेच येईल. वाचून मला पाठवा."

"हो."

"सगळं वाचू नका. त्यांचं लिहिणं माझ्यासाठी असतं."

ती गेल्यावर मास्तर घडी छातीशी धरून खोलीच्या अगदी मागच्या भिंतीला जाऊन टेकले, शेवटच्या रांगेत बसायचे तसे, आणि समोर बघत राहिले. खोली एकच होती. पूर्वीपेक्षा मोठी दिसत होती.